पाय कुणीच मारला नव्हता

सर, वय 21, कोल्हापूर. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. चौथीपासून फुटबॉल खेळतोय. पेठेच्या तालमीकडून बचावफळीत मधला, म्हणजे स्टॉपर, कॉलेजच्या टीमचा कॅप्टन, विद्यापीठाच्या संघातही निवड झाली होती. गेल्या वर्षी फेब्रुवारीत शाहू स्टेडियमवर कॉर्नरला हेडर मारून खाली येताना उजवा गुडघा गेला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट. मार्चमध्ये ऑपरेशन झालं. सप्टेंबरात कॉलेजच्या स्पर्धेसाठी परत उतरलो आणि सरावातच पुन्हा तुटलं, या वेळी गादीही फाटली. डिसेंबरात दुसरं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, चाल, सायकल चालव, पण फुटबॉल आता बंद. हे फक्त माझ्या बहिणीला माहीत आहे. बाबांना, कोचना, पोरांना मी 'पुढच्या सीझनला येतो' असंच सांगतोय. बाबा स्वतः तालमीकडून खेळायचे, त्यांचाच 5 नंबर मी घालायचो. ते शिरोलीला फौंड्रीत आहेत, माझ्या ऑपरेशनसाठी त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं. रात्री तीनला जाग येते, मग झोप नाही. मॅचच्या दिवशी स्टेडियमचा आवाज घरापर्यंत येतो, मी खिडकी लावून घेतो. मुंबईतले एक डॉक्टर तिसरं ऑपरेशन करून खेळवतात असं एकानं सांगितलं. करू का? आणि नाही केलं तर फुटबॉलशिवाय मी करू काय?

ता. क. पहिल्या वेळी पाय मारला म्हणून सगळे ज्याचं नाव घेतात, त्या समोरच्या टीमच्या पोरानं मला हातसुद्धा लावला नव्हता. त्याला आमच्या गल्लीतून गाडी घालता येत नाही. पण आता हे बोलून काय उपयोग.

नाव नको, कोल्हापूर

---

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा सरळ, आणि एकदा ता. क. पासून उलटं वर. उलटं वाचल्यावर जास्त समजलं. पण तिकडे जाण्याआधी तिसऱ्या ऑपरेशनचं बोलू, कारण पहाटे तीनला जागा असलेला माणूस मोबाईलवरून कुठलीही अपॉइंटमेंट घेऊन टाकतो.

मी डॉक्टर नाही. 27 वर्षं कॉलेजात जिमखाना सांभाळला, त्यात पोरांचे गुडघे बरेच पाहिले, एवढंच. दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घे, त्यात पहिल्यांचा अपमान नसतो. दोन्ही ऑपरेशनांचे कागद आणि एमआरआय बरोबर ने. फक्त प्रश्न बदल. 'मी खेळू शकेन का?' असं विचारलंस तर समोरचा 'प्रयत्न करू' म्हणेल, आणि तेवढे दोन शब्द ऐकायलाच तू मुंबईपर्यंत गेलेला असशील. त्याऐवजी विचार, की चाळिसाव्या वर्षी या गुडघ्यानं मला जोतिबाच्या पायऱ्या उतरता येतील का? पंगतीत मांडी घालता येईल का? गादी म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधली कूर्चेची चकती. ती काढावी लागली की हाडांवर थेट भार वाढतो आणि झीज लवकर सुरू होते. तुझी किती शिवली आणि किती काढली, ते डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असेल. वाचलंस का? पोरं वाचत नाहीत. फाईल कपाटावर, जुन्या शूजच्या खोक्याशेजारी पडून असते.

सप्टेंबरबद्दल तू अर्धीच ओळ लिहिलीस, पण महिने मी बोटांवर मोजले. मार्च ते सप्टेंबर सहाच भरतात. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी तुझ्याच शरीरातली दुसरी दोरी, पुष्कळदा मांडीच्या मागच्या बाजूची, काढून बसवतात. बसवल्या दिवशी ती जेवढी दणकट असते तेवढी पुढं राहत नाही. आधी ती कमजोर होते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, आणि मग सावकाश ती त्या जागेची होते. पंचाईत अशी, की याच काळात सूज उतरते, पाय वाकायला लागतो, पळता येतं. गुडघा बरा वाटण्याची तारीख वेगळी आणि बरा होण्याची वेगळी. म्हणून आता नऊ महिन्यांच्या आत मैदानात सोडू नये असं सांगतात, आणि त्यानंतरही एका पायावर उड्या मारायला लावून दोन्ही पायांची ताकद ताडून बघतात. तुझी कुणी बघितली होती का?

हे तुला कुणी सांगितलं नसेल तर दोष तुझा नाही. सांगूनही तू उतरला असशील, तर विसाव्या वर्षी मीही उतरलो असतो. आणि उतरवणाऱ्यांत तर मी होतोच. एका आंतरमहाविद्यालयीन सेमीफायनलला आमचा लेफ्ट विंगर हाफटाइमला घोटा धरून बसला होता. मी स्प्रे मारला, क्रेप बँडेज करकचून आवळलं आणि म्हणालो, 'वीस मिनिटं काढ रे.' त्यानं काढली. आम्ही जिंकलो. तो नंतर कधी नीट धावला नाही. ट्रॉफी त्या कॉलेजच्या काचेच्या कपाटात अजून आहे. तो पोरगा, आता चाळिशीचा गृहस्थ, कुठं भेटला की वाकून नमस्कार करतो. मला तो नमस्कार घेववत नाही.

आता ता. क.

तू उडालास, बॉल डोक्यानं बाहेर काढलास, आणि खाली आलास. पुढचं तू लिहिलं नाहीस, पण बहुधा असं झालं असणार: पाय टेकला, बुटाचे स्टड रुतले, अंग एकीकडे वळलं आणि गुडघा आत गेला. आतून 'कट्' असा आवाज आला असेल, तो तुझा तुलाच ऐकू आला असेल. बाकीच्यांना फक्त एवढं दिसलं, की आपला स्टॉपर लोळतोय आणि शेजारी त्यांचा फॉरवर्ड उभा आहे.

एसीएल बहुतेक वेळा अशीच तुटते. साधारण दहांतल्या सात जणांना त्या क्षणी कुणाचा धक्काही लागलेला नसतो. उडीवरून उतरताना, पळता पळता वळताना, झटकन थांबताना ती जाते. पण आपल्याकडे हे पचत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 ची, आणि संघांची नावं बघशील तर आजही कितीतरी तालमींचीच आहेत. तालीम म्हणजे मूळ लाल माती. कुस्तीत पाठ लागलेल्याच्या छातीवर कुणीतरी बसलेला असतोच; माझी पाठ आपोआप लागली असं कुठला पैलवान सांगणार नाही. तोच हिशोब आपण फुटबॉलला लावतो. गडी पडला, म्हणजे पाडणारा हवा. त्यात पेठांची ईर्षा. ही ईर्षा आहे म्हणून भर उन्हात गॅलरी भरते, हे मी नाकारत नाही. मीही त्याच गॅलरीत घसा बसवून घेतलाय. पण त्या रात्री कट्ट्यावर कुणीतरी एक नाव घेतलं, मोबाईलवरून ते फिरलं, आणि सकाळपर्यंत ते खरं झालं. तू तेव्हा पायाखाली उशी घेऊन बर्फ लावत पडला होतास. तू खोटं बोलला नाहीस. तू फक्त गप्प राहिलास, आणि ते गप्प राहणं आता दीड वर्षाचं झालंय.

मला दिसतं ते असं, की तू दोन गोष्टी सांभाळून बसलायस. एक, 'पुढच्या सीझनला येतो.' दुसरी, 'त्यानं पाय मारला.' त्या वेगळ्या नाहीत. एकीला दुसरीचा टेकू आहे. पाडणारा कुणी असला की त्याचं उट्टं काढायला परत यावंच लागतं, आणि पेठही वाट बघते. पाडणारा नसलाच, तर उरतं काय? तुटलेली एक दोरी आणि डॉक्टरांचं एक वाक्य. त्या वाक्यासमोर एकट्यानं बसायची तुझी तयारी नाही. हे मला समजतं. फक्त त्याची भरपाई तो दुसरा पोरगा करतोय. तोही तुझ्याच वयाचा असेल. ती मॅच तो मनात किती वेळा खेळला असेल! आता तर त्यालाही वाटायला लागलं असेल, की लागला असेल बुवा आपलाच पाय.

तुम्ही पोरं शनिवार-रविवार इंग्लंडचा फुटबॉल बघता, पण ब्रायन क्लॉफ तुमच्या फार आधीचा. संडरलंडचा सेंटर फॉरवर्ड. आधीचा मिडल्सबरो क्लब धरून 274 लीग सामन्यांत 251 गोल, म्हणजे बघ. 26 डिसेंबर 1962 ला बरी संघाविरुद्ध, कडाक्याच्या थंडीतल्या टणक मैदानावर तो गोलकीपरला धडकला आणि गुडघ्याची लिगामेंट गेली. तेव्हा त्यावर आजच्यासारखे उपाय नव्हते. पावणेदोन वर्षांनी तो परत आला, तीन लीग सामने खेळला आणि संपलं. वय 29. पुढं तो मॅनेजर झाला, 1979 आणि 1980 असे लागोपाठ दोन वर्षं नॉटिंगहॅम फॉरेस्टला युरोपियन कप जिंकून दिला. भाषणात उदाहरण देणारे इथं थांबतात आणि टाळ्या घेतात. मला त्यातलं दुसरंच आठवतं. क्लॉफ सांगायचा, की तो बर्फाळ जमिनीवर पडलेला असताना बरी संघाचा बॉब स्टोको रेफरीला म्हणाला, हा सोंग करतोय. तेवढं एक वाक्य. क्लॉफनं ते जन्मभर विसरलं नाही आणि स्टोकोला माफ केलं नाही. दोन युरोपियन कप कपाटात असूनही नाही.

मैदानावर एकाबद्दल दुसऱ्यानं बोललेलं वाक्य असं टिकतं. तुझ्या बाबतीत ते वाक्य त्या पोराच्या नावावर चिकटलंय, आणि ते काढू शकणारा माणूस जगात एकच आहे.

क्रम सांगतो. आधी बाबा. घरात सगळ्यांच्या समोर नको, स्वयंपाकघरातून आईचा हुंदका आला की बोलणं तिथंच संपेल. पहिली पाळी सुटल्यावर त्यांना रंकाळ्यावर ने. 'बाबा, मला माफ करा' अशी सुरुवात करू नकोस, त्यांच्या पोटात गोळा येईल. डॉक्टर जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत सांग. कर्जाचा विषय तू काढू नकोस, त्यांनी काढला तर ऐकून घे. आणि एक विचार. ते तालमीकडून खेळायचे म्हणतोस, तर त्यांची शेवटची मॅच कुठली होती, ती शेवटची आहे हे तेव्हा त्यांना माहीत होतं का, हे तू कधी विचारलंयस? मला वाटतं नसशील. त्यांचा 5 नंबर तुला मिळाला, पण तो त्यांनी कसा उतरवला हे तुला माहीत नाही.

आणि फार आश्चर्य वाटून घेऊ नकोस, जर ते म्हणाले, की मला कळलं होतं. फौंड्रीतला जुना माणूस कास्टिंगवर हातोडी टिचकावून आवाजावरून तडा ओळखतो. त्याच्या घरात पोरगा आठ महिने खिडक्या लावून बसलाय.

मग कोच. त्यांना सांगितलंस की तालमीत वेगळं सांगावं लागणार नाही, संध्याकाळपर्यंत पोचेल. पोरं दोन दिवस तुझ्याशी मऊ बोलतील, ते सर्वांत अवघड जाईल.

मग तो. व्हॉट्सॲपवर मोठा मेसेज लिहून टाकू नकोस. त्याखाली लोक बदाम आणि हात जोडलेले टाकतील आणि त्या पोराच्या वाट्याला पुन्हा एकदा जाहीर चर्चा येईल. तुझ्या कोचनी त्यांच्या कोचना फोन करावा, मग तू जाऊन त्याला समोरासमोर भेट. गणपतीच्या आधी जमलं तर बरं; आगमनाच्या आणि विसर्जनाच्या मिरवणुकांत सगळ्या पेठा रस्त्यावर असतात आणि जुनी भांडणं अशाच वेळी उकरली जातात. बोलायचं फार नाही. 'तू मला हात लावला नव्हतास. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.' तो गळ्यात पडेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. शिवी देईल कदाचित. तेवढी तुझी होते. नंतर कट्ट्यावर कुणी पुन्हा त्याचं नाव काढलं, की तिथल्या तिथं म्हणायचं, 'नाही रे, माझा मीच पडलो.' हे पुष्कळ वेळा म्हणावं लागेल. अफवा एकदाच सोडली तरी चालते, परत घ्यायला मात्र घरोघर हिंडावं लागतं.

राहिलं 'करू काय'. याचं उत्तर मी आज देणार नाही, आणि तूही आज ठरवू नकोस. सगळे तुला सांगतील, की कोच हो. मला ही घाई आवडत नाही. एखाद्याचं दुकान बुडावं आणि तेराव्याच्या आत त्याला दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसवावं, तसं ते वाटतं. तरी माहिती म्हणून: अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स ही कोचिंगमधली सुरुवातीची एक पायरी आहे, 18 पूर्ण असलं की त्याला बसता येतं, आणि तो अभ्यासक्रम थोड्या दिवसांचा असतो. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा कोच झालेला युलियान नागल्समान तुला माहीत असेलच. विशीतच गुडघ्यानं त्याचा खेळ संपवला, तेव्हा ऑग्सबुर्गच्या दुसऱ्या संघाला शिकवणाऱ्या थॉमस टुखेलनं त्याला समोरच्या संघांच्या मॅच बघून टिपणं काढायला बसवलं. टुखेलचा स्वतःचा खेळही गुडघ्यानंच संपवला होता. स्टॉपरला समोरचं सगळं मैदान दिसतं, त्यामुळे हे काम तुला जमेलही. पण ज्याला स्टेडियमचा आवाज सहन होत नाही त्याला मी आज वही घेऊन गॅलरीत बसवणार नाही. रेफरी होण्याचा विचार आत्ता नको, त्याला खेळाडूइतकंच पळावं लागतं. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, बी.पी.एड.ला, प्रवेशाच्या वेळी मैदानी चाचणी असते, तेव्हा आधी फिजिओला विचार. तुझी सगळी प्रमाणपत्रं मात्र एका फाईलला लाव. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, ते झालेल्या कामगिरीवर मिळतं, आजच्या गुडघ्यावर नाही. तुझी कुठली प्रमाणपत्रं त्यात बसतात, ते विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात जाऊनच विचार. चहाच्या गाडीवर मिळणाऱ्या माहितीवर फॉर्म भरू नकोस. आणि बी.कॉम.चं हे वर्ष सोडू नकोस. त्यात काही थोर नाही, पण अर्धं सोडलेलं आणखी एक तुझ्या नावावर नको.

झोपेचं हसण्यावारी नेऊ नकोस. आठ महिने तीनला जाग म्हणजे पुष्कळ झालं. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्रीही चालू. मराठीत बोलता येतं. जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं कधी वाटलं, तर त्याच क्षणी लाव, आणि शेजारच्या खोलीतल्या बहिणीला उठव. तिनं आठ महिने तुझं गुपित एकटीनं सांभाळलंय, तिलाही जरा मोकळं कर.

शेवटी एक काम, ते आजच करण्यासारखं. दुसऱ्या ऑपरेशननंतर तू फिजिओकडे जाणं सोडलंयस, अशी माझी खात्री आहे. खेळायचंच नाही तर व्यायाम कशाला, असं मनात आलं असेल. बहुतेक पोरांच्या येतं. उलट आता गादी कमी झालीय, तर भार उचलायला मांडीचा स्नायूच आहे. आईच्या शिलाई मशीनच्या खणात टेप असेल. खाली बस, दोन्ही पाय सरळ पसर, मांड्या सैल सोड. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून 10 सेंटीमीटर मोजून पेनानं खूण कर, दोन्ही पायांवर, आणि तिथं मांडीचा घेर माप. उजवी डावीपेक्षा बारीक भरेल. किती, ते बघून घाबरू नकोस. आकडा आणि तारीख कॅलेंडरवर लिही, तोच कागद घेऊन फिजिओकडे जा, आणि दर महिन्याच्या 1 तारखेला पुन्हा माप. टेप धरायला बाबांना बोलव. दोन्ही मापं मला कळव.